शेजाऱ्याच्या बॉयलरची वाफ आपल्या किचनच्या दारात येते, आता काय करायचं?

ताई, आधी प्रश्न मला नीट समजलाय का ते बघतो. तुमचं लंडनजवळच्या स्लाऊमधे सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने दुसऱ्या घराला जोडलेलं) घर आहे, शेजारच्या आजोबांनी नोव्हेंबरात जुना बॉयलर काढून नवीन कॉम्बी (हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही देणारा बॉयलर) बसवला, त्याचा फ्लू, म्हणजे जळलेला गॅस बाहेर टाकायचा पाइप, त्यांच्या साइडच्या भिंतीतून बाहेर काढलाय, आणि भिंतीपासून मधल्या फेन्सपर्यंत जेमतेम हातभर जागा. सकाळी हीटिंग चालू झालं की पांढरी वाफ फेन्सवरून सरळ तुमच्या किचनच्या साइड-डोअरवर. आजोबांना विचारलं तर म्हणाले गॅस सेफवाल्याने (गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत रजिस्टरवरच्या माणसाने) बसवलंय, सर्टिफिकेट आहे, म्हणजे लीगलच असणार. मिस्टर म्हणतात सॉलिसिटरचं पत्र पाठवू, आणि सासूबाई पुण्याहून रोज फोन करून विचारतात की त्या गॅसने नातवाला काही होणार नाही ना. आणि अगदी शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की पुढच्या वर्षी आम्हाला त्याच बाजूला एक्स्टेन्शन काढायचंय. ही शेवटची ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मी वेस्ट लंडनमधे बरीच वर्षं घरगुती गॅस आणि हीटिंगचंच काम करतो. थंडी सुरू झाली की असे फोन सुरू होतात, आणि निम्म्याहून जास्त वेळा गोष्ट हीच असते, साइड पॅसेज, नवीन बॉयलर, जुनंच भोक. त्यामुळे आधी उत्तर देऊन टाकतो. तुम्ही सांगताय ते अंतर खरं असेल तर हे काम बहुतेक नियमात बसत नाही, पण यात आजोबांची चूक जवळजवळ काहीच नाही, चूक बसवणाऱ्याची आहे. दुरुस्ती छोटी आहे आणि तिचा खर्च त्या फिटरने करायला हवा. तुम्ही आणि आजोबा एका बाजूला राहिलात तर हे काही आठवड्यांत मिटतं. सॉलिसिटरचं पत्र गेलं की तुम्ही समोरासमोर उभे राहता आणि फिटर मजेत दुसरीकडे काम करत असतो.

आता सासूबाईंची काळजी. त्यांच्या डोक्यात गॅस गीझर आहे आणि ती भीती खोटी नाही. आपल्याकडे बाथरूममधे लावलेला गीझर खोलीतलीच हवा घेतो, जळलेला गॅसही बऱ्याचदा तिथेच सोडतो, खिडकी बंद असली की कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि माणूस आंघोळ करता करता कोसळतो. इथले आताचे बॉयलर रूम-सील्ड असतात, म्हणजे जळायला लागणारी हवा बाहेरून घेतात आणि जळलेला गॅस बाहेर टाकतात, एकाच पाइपात आत-बाहेर दोन नळ्या असतात, आतल्या नळीतून गॅस बाहेर जातो आणि भोवतालच्या पोकळीतून हवा आत येते. तुम्हाला दिसतंय ते पांढरं म्हणजे मुख्यतः पाण्याची वाफ, त्यात कार्बन डायऑक्साइड, थोडे नायट्रोजन ऑक्साइड्स आणि बॉयलर नीट जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड अगदी किरकोळ. आम्ही मशीन लावून मोजतो, मोनॉक्साइड भागिले डायऑक्साइड हा रेशो ०.००४ च्या आत असायला लागतो. मोकळ्या हवेत ते लगेच पातळ होतं.

म्हणजे घर सोडायची वेळ आलेली नाही. पण "मुख्यतः वाफ" हे बॉयलर नीट जळतोय तोपर्यंतच खरं, उद्या तो बिघडला आणि फ्लूचं तोंड तुमच्या उघड्या दारासमोर असेल तर मग प्रश्न वाफेचा राहत नाही, म्हणूनच तर अंतराचे नियम आहेत. तोपर्यंत एक काम आजच करा. बीएस ईएन ५०२९१ असं लिहिलेला कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणा, वीसेक पौंडांत येतो, आणि त्याच्यासोबतच्या कागदात सांगितलंय तसा किचनमधे लावा. तो वाजला, किंवा घरात सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं आणि बाहेर पडलं की बरं वाटतंय असं झालं, तर दारं उघडून बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. ती गॅसची चोवीस तासांची इमर्जन्सी लाइन आहे, त्यासाठी शेजाऱ्याची परवानगी वगैरे लागत नाही.

आजोबा कदाचित म्हणतील की जुना बॉयलर पण तिथेच होता, तीस वर्षं कोणी काही बोललं नाही. ते खरंच बोलतायत. जुन्या बॉयलरचा गॅस दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून गरम बाहेर पडायचा, झपकन वर जायचा, दिसायचाही नाही. १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड-वेल्समधे बदलीचा बॉयलरसुद्धा कंडेन्सिंगच बसवायचा असा नियम आला (काही अपवाद सोडून). कंडेन्सिंगची सगळी करामत अशी की धुरातली उष्णता काढून घ्यायची, साधारण ५५ अंशांच्या खाली परत येणाऱ्या पाण्याने धूर गार केला की त्यातली वाफ बॉयलरच्या आतच पाणी होऊन गळते आणि ती उष्णता घराला मिळते. मग बाहेर येणारा गॅस कोमट आणि ओला, झपकन वर जायचं सोडून तिथेच घुटमळतो, वाऱ्याच्या झुळकीबरोबर आडवा सरकतो, आणि जानेवारीतल्या दमट हवेत तर चहाच्या किटलीसारखा दिसतो. म्हणून जुन्या भोकातून नवीन बॉयलर काढला की काल नसलेलं भांडण आज सुरू होतं. फिटरला तेच भोक सोयीचं असतं, भिंतीत नवीन भोक पाडायला नको, वीट लावून जुनं बुजवायला नको, अर्धा दिवस वाचतो. जुना बॉयलर तिथे चालत होता हा नव्याच्या बाजूने पुरावा होत नाही, नवीन बसवताना आजचे नियम पाळायला लागतात.

नियम काय ते आता सांगतो, आणि हे आकडे लिहून ठेवा. बिल्डिंग रेग्युलेशन्सचं (बांधकामाच्या नियमांचं) "अॅप्रूव्हड डॉक्युमेंट जे (J)" म्हणून आहे, त्यात फ्लूचं तोंड कशापासून किती लांब हवं याचं चित्र आणि टेबल आहे. फॅनवाल्या रूम-सील्ड बॉयलरसाठी, म्हणजे आजकालचा जवळजवळ प्रत्येक बॉयलर, उघडणारी खिडकी किंवा एअरब्रिक (हवेसाठी भोकं असलेली वीट) यांच्यापासून ३०० मिलिमीटर, बाउंड्री बाजूने जात असेल तर ३०० मिलिमीटर, आणि बाउंड्री किंवा भिंत तोंडासमोर असेल तर ६०० मिलिमीटर. दोन फ्लू एकमेकांकडे तोंड करून असतील तर १२०० मिलिमीटर. आता "बाजूने" आणि "समोर" यातला फरक सगळेच विसरतात. फ्लू मागच्या भिंतीतून गार्डनकडे निघालाय आणि फेन्स त्याच्या शेजारून जातेय तर ती बाजूने, ३०० पुरे. तुमच्याकडे साइडच्या भिंतीतून निघून सरळ फेन्सकडे बघतोय, म्हणजे समोर, म्हणजे ६०० हवेत. अंतर मोजायचं ते पाइपच्या बाहेरच्या टोकापासून, भिंतीपासून नाही. पाइप भिंतीबाहेर दहा-बारा सेंटिमीटर येतो, तेवढं आणखी कमी होतं. हातभर म्हणजे तुमचे साधारण साडेचारशे, त्यातून पाइप वजा केलात तर साडेतीनशे उरतात.

पण इथे थांबा, कारण टेबलाच्या वर बॉयलर बनवणाऱ्या कंपनीचं मॅन्युअल असतं. आमच्या धंद्यात मॅन्युअल काय म्हणतं ते आधी, मग ब्रिटिश स्टँडर्ड ५४४० आणि बाकी सगळं. "डॉक्युमेंट जे"मधेच तळटीप आहे की त्याहून कमी अंतरात सुरक्षित चालतो असं दाखवलेल्या बॉयलरला बाउंड्रीपाशी कमी जागा चालू शकते. म्हणजे "६०० नाहीत, म्हणजे बेकायदेशीर" असं तावातावाने म्हणायच्या आधी त्या मॉडेलचं मॅन्युअल बघायचं. उलट बाजूही आहे. बऱ्याच मॅन्युअल्समधे वाफेसाठी वेगळं, मोठं अंतर सांगितलेलं असतं, समोरच्या इमारतीत बरोबर फ्लूसमोर दार किंवा उघडणारी खिडकी असेल तर साधारण दोन मीटर किंवा जास्त, आणि फ्लूचं तोंड थेट शेजाऱ्याच्या हद्दीवर सोडू नका असंही. तुमचं किचनचं दार त्या तोंडाच्या बरोबर समोर येतंय का तिरकं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. समोर असेल तर तुमची बाजू ६०० च्या मुद्द्यापेक्षाही इथे जास्त भक्कम आहे. मॅन्युअल मिळवणं सोपं, बॉयलरच्या पुढच्या झाकणावर कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं, आजोबांकडून फोटो मागा, कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, त्यात फ्लू टर्मिनल पोझिशनचं एक पान असतंच.

बाउंड्री नक्की कुठे, यावरून मात्र भांडत बसू नका. मिस्टरांनी लँड रजिस्ट्रीचा टायटल प्लॅन (मालकीच्या जागेचा नकाशा) काढून त्यावर पट्टी ठेवायच्या आधीच सांगतो, शहरातले हे प्लॅन बहुतेक १:१२५० स्केलचे असतात. कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६२५ मिलिमीटर, म्हणजे आपण ज्या ६०० साठी भांडतोय ते सगळं त्या लाल रेघेच्या जाडीतच बुडून जातं. शिवाय लँड रजिस्ट्रीची रेघ ही कायद्यानेच "जनरल बाउंड्री" असते, सेंटिमीटरपर्यंत अचूक असल्याचा दावाच नसतो. आणि "घराकडे तोंड केलं की डावीकडची फेन्स आपली" हे जे सगळे छातीठोकपणे सांगतात तसा काही नियम नाही. दोघांनाही ती फेन्स हद्द म्हणून मान्य असेल तर फेन्स धरून चला आणि विषय वाढवू नका, फ्लूच्या भांडणातून बाउंड्रीचं भांडण काढलंत तर त्यात सर्व्हेअर, वकील आणि काही वर्षं जातात, आणि वाफ तिथेच. मधे सार्वजनिक गल्ली असेल तर हिशेब वेगळा, तिथे गल्लीच्या मध्यापर्यंत धरता येतं, पण तुमच्याकडे तसं दिसत नाही.

आता ते सर्टिफिकेट. आजोबा खोटं बोलत नाहीयेत, त्यांना घरपोच कागद आला असेल. पण तो कागद म्हणजे कोणी येऊन टेप लावून मोजलं असं नव्हे. फिटर बॉयलर बसवून झाल्यावर ३० दिवसांच्या आत गॅस सेफकडे ऑनलाइन नोंद करतो, गॅस सेफ ती कौन्सिलला कळवते आणि घरमालकाला बिल्डिंग रेग्युलेशन्स कम्प्लायन्स सर्टिफिकेट येतं. म्हणजे बसवणाऱ्याने स्वतःच म्हटलं की मी नियमाप्रमाणे केलंय. कौन्सिलचा माणूस आलेला नसतो. हे आजोबांना शांतपणे समजावलंत तर त्यांचा अर्धा विरोध तिथेच संपेल, कारण त्यांना वाटतंय तुम्ही सरकारी कागदाला आव्हान देताय. खरं म्हणजे त्यांनी दोन-अडीच हजार पौंड मोजून काम करून घेतलं आणि ते काम अर्धवट निघालं, ते तुमच्याइतकेच फसलेत.

बोलायला कसं जायचं हे मी सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण इतक्यांदा बघितलंय म्हणून सांगतो. दुपारी जा, वाफ येत असताना तावातावाने जाऊ नका. "तुमचा बॉयलर आम्हाला त्रास देतो" यापेक्षा "तुमच्या फिटरने फ्लू नियमाप्रमाणे लावलेला दिसत नाही, त्याच्याकडून फुकट दुरुस्त करून घ्या, मी मॅन्युअलचं पान प्रिंट करून आणलंय" असं म्हणा. जमल्यास त्यांना तुमच्या किचनच्या दारात उभं करून सकाळी सातची वाफ दाखवा, किंवा व्हिडिओ दाखवा, कारण ती त्यांच्या बाजूने दिसतच नाही, त्यांच्या घरातून सगळं छान आहे. मग फिटरला मेल त्यांनी करायचा, तुम्ही नाही. तुम्ही केलात तर फिटर म्हणेल तुम्ही माझे कस्टमर नाही, आणि त्याचं ते म्हणणं बरोबर असेल.

दुरुस्ती काय, तर बहुतेक ठिकाणी प्लूम किट. फ्लूच्या तोंडातून फक्त धुराची आतली नळी पुढे वाढवायची, भिंतीला धरून वर किंवा बाजूला न्यायची आणि जिथे कोणाला त्रास नाही तिथे सोडायची, हवा घ्यायचं तोंड मात्र मूळ जागीच राहतं. सामान साधारण शे-दीडशे पौंडांचं आणि चांगल्या माणसाला दोन-तीन तासांचं काम. फक्त काही गोष्टी बघायला लागतात. किट त्याच कंपनीचं आणि त्याच मॉडेलला चालणारं हवं, नाहीतर वॉरंटी गेली. लांबीला मर्यादा असते, मॅन्युअलमधे मीटरमधे दिलेली. पाइपला बॉयलरकडे उतार हवा, साधारण तीन अंश, म्हणजे मीटरला पाचेक सेंटिमीटर, कारण आत थंड होऊन गळणारं पाणी अॅसिडिक असतं आणि ते बॉयलरमधूनच ड्रेनला गेलं पाहिजे, उतार उलटा दिला तर ते तुमच्या फेन्सवर आणि पॅसेजच्या फरशीवर टपकत बसतं आणि थंडीत तिथे बर्फ. आणि नवीन तोंडालाही खिडक्या, गटर, कोपरे यांच्यापासूनची अंतरं लागू होतात, त्यामुळे "वर नेलं की झालं" असं करून आजोबांच्याच बेडरूमच्या खिडकीखाली सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. काही फ्लूंच्या तोंडावर फिरवता येणारा छोटा डिफ्लेक्टर असतो, मॅन्युअलमधे परवानगी असेल तर तो वळवूनच पाच मिनिटांत बराच फरक पडतो, पण ६०० चा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही हे लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग म्हणजे फ्लू सरळ छतातून वर काढणं, किंवा बॉयलरच मागच्या भिंतीला हलवणं. महाग, पण तुमच्या बाबतीत कदाचित तेच बरं पडेल, का ते पुढे सांगतो.

दरम्यान आजोबांच्या बॉयलरवर दोन सेटिंग बदलली तरी त्रास कमी होतो, आणि हे मी कुठल्याही शेजाऱ्याला सांगतो कारण यात त्याचाच गॅस वाचतो. कॉम्बीला प्रीहीट नावाचं एक फंक्शन असतं, नळ उघडल्यावर लगेच गरम पाणी यावं म्हणून तो अधूनमधून स्वतःच पेटतो, रात्री दोनलासुद्धा. ते बंद करून इको मोडवर टाकलं की विनाकारण पेटणं थांबतं. आणि हीटिंगचं फ्लो टेंपरेचर फिटरने ७५-८० वर ठेवलेलं असेल तर ते ५५-६० वर आणायचं, घर गरम व्हायला थोडा जास्त वेळ लागतो पण वाफ बॉयलरच्या आत जास्त गळते आणि बाहेर कमी येते. पूर्ण जात नाही, पण कमी होते.

आता काय करायचं नाही. त्या फ्लूसमोर काहीही लावायचं नाही. फळी नाही, ताडपत्री नाही, फेन्सवर वाढवलेली जाळी किंवा बांबूचं मॅटिंग नाही. धूर अडला की तोच धूर हवा घ्यायच्या तोंडात परत जातो, बॉयलर नीट जळत नाही, आणि मग खरोखरच कार्बन मोनॉक्साइड वाढतो. साइड पॅसेजवर पावसासाठी प्लास्टिकचं पन्हळी छप्पर टाकायची आपल्या लोकांना भारी हौस, सायकली आणि वॉशिंग मशीन ठेवायला, ते छप्पर जर शेजाऱ्याच्या फ्लूला झाकत असेल तर वाफ अडकून दोन्ही घरांत शिरू शकते आणि अशा वेळी सर्व्हिसला आलेल्या गॅसवाल्याला तो बॉयलर धोकादायक म्हणून लेबल लावायला लागतं. आणि मग दोष तुमचा असतो.

समजा आजोबा ऐकत नाहीत, किंवा फिटर फोनच उचलत नाही. मग तीन वेगळी दारं आहेत आणि लोक नेमकं चुकीचं दार वाजवतात.

बहुतेक जण कौन्सिलच्या प्लॅनिंग डिपार्टमेंटला लिहितात. तिथे काही होत नाही, साध्या घराचा फ्लू परमिटेड डेव्हलपमेंटमधे, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या कामांत, येतो, छताच्या सगळ्यात उंच भागाच्या वर एक मीटर किंवा त्याहून जास्त जात नसेल आणि कॉन्झर्व्हेशन एरियात रस्त्याकडच्या भिंतीवर नसेल तर प्लॅनिंगला त्यात रस नाही. फ्लॅट असेल तर वेगळं.

अंतराचा मुद्दा असेल तर गॅस सेफ आणि कौन्सिलचं बिल्डिंग कंट्रोल, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणारा विभाग. गॅस सेफकडे तक्रार ज्याच्या घरी काम झालं त्याने केली तर ती लवकर हलते, म्हणून परत सांगतो, आजोबांना बाजूला घ्या. त्यांचा इन्स्पेक्टर येऊन बघतो आणि काम चुकीचं असेल तर बसवणाऱ्याला दुरुस्त करायला लावतो, फिटर या एकाच गोष्टीला घाबरतो, कारण रजिस्ट्रेशन गेलं की धंदा गेला. बिल्डिंग कंट्रोलला बिल्डिंग अॅक्ट १९८४ च्या कलम ३६ खाली नियमबाह्य काम बदलायची नोटीस देता येते, पूर्वी काम झाल्यापासून एका वर्षातच देता यायची, ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंडमधे ती मुदत दहा वर्षांची झाली. कौन्सिल एका फ्लूसाठी एवढी धावपळ करेलच असं नाही, पण "बघतो आम्ही" असं एक पत्र गेलं तरी फिटर येतो. स्कॉटलंडमधली पद्धत वेगळी, तिथले कोणी वाचत असतील तर हे जसंच्या तसं घेऊ नका.

अंतर बरोबर आहे पण वाफेचा त्रास होतोच आहे, असं निघालं तर तिसरं दार, कौन्सिलचा एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभाग. एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन अॅक्ट १९९० च्या कलम ७९ मधे स्टॅट्युटरी न्यूसन्सची (कायद्याने ठरवलेल्या उपद्रवांची) यादी आहे. त्यात "वाफ" हा शब्द फक्त कारखाने आणि दुकानांसाठी आहे, ते वाचून काही अधिकारी फोनवरच सांगतात की घरगुती वाफ आमच्यात येत नाही. पण त्याच यादीत खाजगी घरांतून येणारे "फ्यूम्स किंवा गॅसेस" आहेत, आणि त्याच कलमात पुढे व्याख्या दिलीय की गॅसमधे बाष्प आणि बाष्पातून बनणारा ओलावा धरायचा. तुमच्या दारावर येतंय ते बरोबर हेच. हे वाक्य मेलमधे घालून पाठवा, फरक पडतो. मात्र कधीमधी दिसणारी वाफ पुरत नाही, रोजचा, खरा त्रास दाखवायला लागतो. म्हणून वही ठेवा, तारीख, वेळ, किती वेळ, दार-खिडकी बंद करायला लागली का, भिंतीवर ओल आली का, आणि तारखेसकट व्हिडिओ. कौन्सिल नाही म्हणाली तरी कलम ८२ खाली तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊ शकता, पण तिथपर्यंत गेलेलं घरगुती फ्लूचं प्रकरण मी तरी बघितलेलं नाही, त्याच्या खूप आधी कोणीतरी प्लूम किट लावतं.

एक अपवाद. पाइपचं टोक जर खरोखरच हद्द ओलांडून तुमच्या बाजूला आलेलं असेल तर तो न्यूसन्स नाही, सरळ ट्रेसपास (दुसऱ्याच्या जागेत घुसणं) आहे, आणि तिथे सॉलिसिटरचं पत्र चालतं. तुमच्याकडे तसं नाही.

सॉलिसिटर आत्ता नको म्हणायची कारणं दोन. पहिलं, घर विकताना टीए६ नावाचा घराच्या माहितीचा फॉर्म भरायला लागतो, त्यात शेजाऱ्यांशी वाद किंवा तक्रारी आहेत का असा सरळ प्रश्न असतो, आणि खरं उत्तर द्यायला लागतं. गप्पा मारून मिटलेली गोष्ट आणि वकिलाच्या लेटरहेडवरची तक्रार यांत त्या फॉर्मवर फार फरक पडतो.

दुसरं कारण तुमचं एक्स्टेन्शन. जरा विचार करा, पुढच्या वर्षी तुम्ही त्याच बाजूला हद्दीपर्यंत भिंत आणणार. आज तिथे फेन्स आहे, जिच्यावरून वाफ निदान वर-खाली जाते, उद्या त्या फ्लूसमोर तुमची पूर्ण उंचीची वीट-भिंत असेल. तेव्हा फ्लू आधीपासून होता आणि भिंत तुम्ही आणलीत, म्हणजे त्यांचा बॉयलर तुमच्या बांधकामामुळे असुरक्षित होणार नाही हे बघणं तुमच्या बिल्डरवर येतं, आणि फ्लू हलवायचा खर्च मागितला जाणार तुमच्याकडे. बिल्डिंग कंट्रोलचा माणूस त्या वेळी येतोच, आणि समोरचा फ्लू त्याला दिसतोच. शिवाय हद्दीवर भिंत बांधायची किंवा त्यांच्या भिंतीपासून तीन मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणायचं म्हटलं की पार्टी वॉल अॅक्ट १९९६ (शेजाऱ्याच्या हद्दीजवळच्या बांधकामाचा कायदा) प्रमाणे आजोबांना एक महिना आधी नोटीस द्यायला लागते. त्यांनी हो म्हणून सही केली तर काम फुकटात सुरू. नाही म्हणाले तर सर्व्हेअर, आणि साधारणपणे त्यांच्या सर्व्हेअरचे पैसेही तुम्हीच देता. ज्या माणसाला तुम्ही जानेवारीत वकिलाचं पत्र पाठवलंत तो पुढच्या वर्षी सही करेल का?

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर नुसतं प्लूम किट मागितलं नसतं. आजोबांसोबत बसून दोन्ही गोष्टी एकदमच काढल्या असत्या, की आम्ही इथे असं असं बांधणार आहोत, फिटर दुरुस्तीला येणारच आहे तर तो फ्लू आत्ताच छतातून किंवा मागच्या बाजूला काढून घेऊ, प्लूम किटएवढा खर्च फिटरचा, वरचा फरक आम्ही देतो. आर्किटेक्टला पण आत्ताच सांगा की त्या भिंतीत एअरब्रिक, एक्स्ट्रॅक्टर किंवा उघडणारी खिडकी नको. फरकाची रक्कम पार्टी वॉल सर्व्हेअरच्या फीपुढे किरकोळ असते.

आणि वेळ बघून करा. ऐन थंडीत गॅसवाल्याने येऊन वाफ घरात शिरतेय म्हणून बॉयलर बंद करायला सांगितला तर सत्तरीच्या पुढचा माणूस थंडीत बसणार, त्यामुळे अलार्म शांत असेल तर फिटरची तारीख ठरवूनच तक्रार पुढे न्या.

पुढचं सांगायला मला चार गोष्टी लागतील. बॉयलरचं मॉडेल, पाइपच्या टोकापासून फेन्सपर्यंतचं अंतर मिलिमीटरमधे, जमिनीपासून पाइपची उंची (दोन मीटरच्या आत आणि कोणाचा हात लागेल असा असेल तर त्यावर गार्ड पण हवा, तो आहे का बघा), आणि तुमचं दार बरोबर समोर आहे की तिरकं. टेप आजोबांना सांगूनच लावा, त्यांच्या बाजूला न विचारता वाकून मोजायला जाऊ नका.